पुण्यात राहून गावची चव कुठे सापडली? (आईसाठी विचारतोय, थोडं सांगायचंही आहे)

तापीकाठ | शनिवार, रात्री ९:४०

वडील मार्चमध्ये गेले. जुलैत आई कायमची आमच्याकडे वाकडला आली. अमळनेरचं घर बंद केलं, किल्ली शेजारच्या मामींकडे ठेवली. तुळशीला पाणी त्या घालतात.

आल्यापासून आईचं जेवण कमी होत गेलं. सुरुवातीला वाटलं, दुःख आहे, होईल हळूहळू. मग वाटलं, दातांचं काही असेल. दात दाखवले, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. एक पोळी खाल्ली की "पोट भरलं" म्हणायची. आमच्याकडे स्वयंपाकाला नावं ठेवावी असं काही नाही. बायको साताऱ्याची आहे, तिच्या हाताला चव आहे. तिने आईला विचारून विचारून भरीतसुद्धा केलं. पण बाजारात मिळालं ते जांभळं वांगं, तेही गॅसच्या जाळीवर भाजलेलं. आईने "छान झालंय गं" म्हणून कौतुक केलं आणि वाटीत अर्धं तसंच राहिलं.

मागच्या रविवारी चिंचवडला एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेलो होतो. परत येताना एका गल्लीत पत्र्याची शेड, चार टेबलं आणि बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं: भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. दुपारचे तीन वाजले होते. आत गेलो.

भाकरी थापणाऱ्या बाईंनी आईच्या लुगड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणता गावन्या शेतस, माय?"

आईने मान वर केली. "अमयनेर."

ज्यांना अहिराणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे 'ळ' तोंडात येत नाही, त्याचा 'य' होतो. अमळनेरचं अमयनेर, जळगावचं जयगाव. चार महिन्यांत आईच्या तोंडून मी 'अमयनेर' ऐकलं नव्हतं. आमच्या सोसायटीत कुणी गाव विचारलं की ती जपून, शाळेत धडा म्हणावा तसं 'अमळनेर' म्हणायची.

त्या बाई पारोळ्याच्या निघाल्या. पुढचा पाऊण तास दोघी बोलत होत्या. यंदा कापसाला भाव काय, कोणाची सून कुठली. आईने दोन भाकरी खाल्ल्या. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. थापताना कड फुटते, म्हणून हाताला सवय लागते. आईने पहिला घास मोडला, नाकाशी नेला, आणि मग भरितात बुडवला. भरितात दाण्यांसोबत खोबऱ्याचे काप होते, कांद्याची पात होती, आणि धूर होता. तो धूर गॅसवर येत नाही.

त्या दिवसापासून विचार करतोय. पुण्यात इतके लोक बाहेरून आले. तुमच्या घरच्यांना त्यांची चव कुठे सापडली? आणि ती कशाने सापडते? पदार्थाचं नाव तर हल्ली प्रत्येक मेन्यूकार्डावर असतं.

पेठकरीण | शनिवार, रात्री १०:१५

वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण एक मनापासून विचारते, राग मानू नका. आई स्वतः करू शकत असतील तर घरीच का नाही? मसाला, पीठ गावाहून मागवता येतं. आम्ही पेठेतले लोक बाहेर खाऊन घरची चव शोधत नाही, म्हणून मला हे नीट कळत नाहीये.

तापीकाठ | शनिवार, रात्री १०:३२

राग कसला, प्रश्न बरोबर आहे. आई करू शकते. पण भरिताची वांगी तुराट्या आणि कपाशीच्या काड्यांवर भाजतात. सातव्या मजल्यावर ते कुठे करायचं? एकदा गच्चीत करून पाहिलं, धुराची तक्रार आली. भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचायची, तर खालच्या मजल्यावर आवाज जातो. आणि आमच्याकडे भरीत एकट्याने खायचा पदार्थ नाही. हिवाळ्यात शेतात दहा-पंधरा माणसं जमून भरीत पार्टी होते. आई म्हणते, दोन वांग्यांचं भरीत होत नसतं.

देवगडची | शनिवार, रात्री ११:०५

पेठकरीणताई, मीही उत्तर देते.

आम्ही पुण्यात भाड्याच्या तिसऱ्या घरात आहोत. पहिल्या घराच्या करारात 'शाकाहारी कुटुंब' अशी अट होती, ती आम्ही मान्य केली होती. दुसऱ्या घराला अट नव्हती, पण एकदा सुकट भाजली तर संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'दुर्गंधी'बद्दल संदेश आला. नाव कुणी घेतलं नाही, पण मजल्यावर माशांचं खाणारे आम्हीच. माझ्या सासूबाईंनी त्या दिवसापासून डब्यातली सुकट वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून कपाटात ठेवली, कधी काढलीच नाही.

म्हणून आम्ही महिन्यातून एकदा मालवणी खानावळीत जातो. बांगडा, सोलकढी हे सगळे घेतात. सासूबाई मात्र सुकटीचं सुकं मागतात. ते मेन्यूवर नाही, मालक त्यांच्यासाठी करून आणतो. माणसाला आपल्या अन्नाचा वास न घाबरता घेता यावा, एवढ्यासाठी आम्ही जातो.

पेठकरीण | शनिवार, रात्री ११:२०

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आमच्या पेठेतल्या ग्रुपवरही असे संदेश येतात आणि मी ते नुसते वाचून सोडून देते. यापुढे तिथे बोलेन.

कॅम्पातला | रविवार, सकाळी ७:५०

धागा छान निघालाय. माझा जन्म कॅम्पातला, त्यामुळे बाहेरून आलेल्यांची हॉटेलं लहानपणापासून पाहतोय. माझ्या मते यात एक गोष्ट उलटी आहे, ती नोंदवतो.

पुण्यात बाहेरून येऊन ज्यांनी आधी हॉटेलं काढली, त्यांनी स्वतःची चव विकलीच नाही. इराण्यांचं बघा. डेक्कनचं गुडलक १९३५ सालचं, ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. बन मस्का आणि दाट दुधाचा चहा म्हणजे इराणी, असं आपण समजतो. माझा एक वर्गमित्र इराणी होता. त्याच्या घरी चहा बिनदुधाचा, काचेच्या लहान पेल्यात, आणि साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. भातावर सुकी फळं, दह्यात पुदिना. यातलं काहीच त्यांच्या ओळखीच्या कुठल्याही कॅफेत मिळत नसे. दुधाचा चहा होता तो आपल्यासाठी.

उडुपी हॉटेलांचंही तेच. ती चालवणाऱ्या शेट्टी मंडळींपैकी कितीतरी जणांच्या घरी मासळीची आमटी आणि कोंबडीच्या रश्शात भिजवलेली कोरी रोट्टी होते. हॉटेलात मात्र इडली, डोसा, उत्तप्पा, सगळं शाकाहारी. पोरं गल्ल्यावर आणि भटारखान्यात पोळून निघाली ती पुणेकरांच्या जिभेसाठी, स्वतःचं जेवण मागच्या खोलीत रात्री साडेअकराला.

आपल्या माणसांसाठी हॉटेल काढता येतं ते आपली माणसं पुरेशी झाल्यावर. चिंचवडला कळण्याची भाकरी फळ्यावर लिहिता येते, कारण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत दोन-तीन पिढ्या खानदेशी माणूस राबला. पन्नास वर्षांपूर्वी तो फळा कुणी वाचला असता?

शिकारपुरी | रविवार, सकाळी ९:१०

कॅम्पातले, तुमचं पटलं, पण आमच्याकडे वेगळं घडलं. आम्ही पिंपरीचे सिंधी. आजोबा फाळणीनंतर शिकारपूरहून आले, निर्वासितांच्या छावणीत राहिले. आजही त्या भागाला लोक पिंपरी कॅम्पच म्हणतात. आमचे लोक एकदमच आले, एकाच जागी टाकले गेले, म्हणून दालपकवान पहिल्यापासून आमच्याच लोकांसाठी होतं.

रविवारी सकाळी अजून बघा. मैद्याचा ओवा-जिरं घातलेला, पापडासारखा कडक पकवान, वर मऊ शिजलेली पण दाणा शाबूत असलेली हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, हिरवी चटणी, कच्चा कांदा. आजोबा गाडीवाल्याला एकच सांगायचे, डाळ वर घालू नकोस, वेगळी दे. पकवान मऊ पडला की ते नाराज व्हायचे.

मी मराठी शाळेत शिकलो, घरात सिंधी बोलतो पण लिहिता येत नाही. शिकारपूर मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. माझ्या मुलीने तर आजोबांनाही पाहिलं नाही. पण ती पकवान मोडताना डाळ वेगळी मागते, आणि का मागते ते तिला माहीत नाही.

वर्धेकर | रविवार, दुपारी १:३५

तर्री पोह्यांची गाडी आता हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठेही दिसते. चण्याचा रस्सा, वर तर्रीचा लाल थर, बरी असते. सावजीही मिळतं. पण घरी आम्ही रोज तर्री पोहे आणि सावजी खात होतो का? आई करायची गोळाभात. बेसनाचे तिखट गोळे भातातच वाफवायचे आणि वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. तो कुठल्याच हॉटेलात नाही. हॉटेलात येते ती गावची प्रसिद्ध चव, घरची साधी चव येत नाही. मला तो शेवटी मिळाला डबे देणाऱ्या एका काकूंकडे. त्या यवतमाळच्या. सहज बोलता बोलता शब्द निघाला, तर म्हणाल्या, "शुक्रवारी पाठवते, पण तेल वेगळ्या डबीत देईन, गरम करून घे बापू."

'बापू' मला वर्ध्यानंतर कोणी म्हटलं नव्हतं.

उदगीर_ते_सदाशिव | रविवार, दुपारी २:२०

आम्ही स्पर्धा परीक्षावाले, आमचं सगळं आयुष्य मेसवर. चार वर्षांत सात मेस बदलल्या. पातळ वरण, कोबी, सोयाबीन, पुन्हा कोबी. एका मेसच्या मावशी आमच्याकडच्या आहेत. गुरुवारी त्या येसराची आमटी करतात. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ असतं ते, लग्नाच्या पंगतीत आमच्याकडे हमखास. गुरुवारी सकाळी ग्रुपवर नुसतं 'येसर' एवढं येतं आणि अभ्यासिका साडेबाराला रिकामी.

मागच्या वर्षी मुख्य परीक्षेचा निकाल लागला, माझं नाव नव्हतं. घरी फोन केला नाही. मेसवर गेलो तर मावशींनी काही विचारलं नाही, त्या दिवशी मंगळवार असून सुशीला केली होती. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची असते ती, वर डाळव्याचं कूट. ताट वाढून माझ्यासमोर बसल्या. एवढंच.

हावड्याची_सून | रविवार, दुपारी ४:००

मी मराठी, नवरा बंगाली. सासूबाईंना पुण्यात हवं ते मिळतं ते दोन ठिकाणी: दुर्गापूजेत खडकीच्या कालीबाडीत, आणि आझाद हिंद एक्सप्रेसने येणाऱ्या कुठल्यातरी नातेवाइकाच्या पिशवीत. पिशवीत गोविंदभोग तांदूळ आणि खजुराचा नवा गूळ. बाकीचं वर्ष त्या मोहरीच्या तेलावर काढतात.

शब्दसेतू | रविवार, सायंकाळी ६:४५

परदेशातून आलेल्यांचंही एक सांगते. मी जपानी दुभाषी आहे. चाकणच्या एका कारखान्यात आलेल्या अभियंत्याच्या कुटुंबासोबत दोन वर्षं काम केलं. सहा वर्षांचा मुलगा भात खायचा नाही. आपला बासमती मोकळा, त्यांना चिकट भात लागतो, चॉपस्टिकने उचलता येईल असा. आयात तांदूळ मिळायचा, पण महाग. बाणेरला एका छोट्या जपानी जागेत मुलाने भाताचे दोन गोळे खाल्ले. आईने मला विचारायला लावलं, तांदूळ कोणता? आचारी म्हणाला, इंद्रायणी.

आपला मावळातला इंद्रायणी! वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं वाण, आंबेमोहोराचा वास आणि शिजल्यावर चिकटपणा. त्या आठवड्यात मी त्यांना कामशेतच्या एका गिरणीवर घेऊन गेले. पंचवीस किलोचं पोतं त्या बाईंनी स्वतः उचलून गाडीत ठेवलं.

पारोळा_टू_पुणे | रविवार, रात्री १०:५०

हा धागा मला मित्राने पाठवला. नाव घेत नाही, पण तापीकाठ दादा, तुम्ही ज्या शेडबद्दल लिहिलं ती आमचीच असावी. भाकरी थापत होती ती माझी आई.

कशाने सापडते असं तुम्ही विचारलंय, तर आमच्या बाजूचं सांगतो.

आमचं हॉटेल ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत येतं. गावाहून रात्री नऊला गाडी सुटते. मामा वांग्यांचं पोतं, कळण्याचं पीठ आणि शेव चढवतो. मी पहाटे पाचला संगमवाडीला उभा. गाडी उशिरा आली की त्या दिवशी दुपारी भरीत नाही, फळ्यावरून पुसून टाकतो. पुण्याची वांगी घालून चालवलं असतं तर रोज विकता आलं असतं. पहिल्या महिन्यात बाबांनी एकदा घातलीही. नेहमीच्या एका म्हाताऱ्या बाबांनी पैसे दिले, ताट उष्टं ठेवलं आणि काही न बोलता गेले. त्यानंतर नाही.

भरिताची वांगी हिरवी-पांढरी, मोठी, बिया कमी, साल पातळ. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खरा हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळ्यात गिऱ्हाईक मागतं तेव्हा आम्ही शेवभाजी पुढे करतो. त्यातही शेव जाड, तिखट, लसणाची लागते. इथली बारीक शेव रश्श्यात दोन मिनिटांत लगदा होते.

काड्याही गावाहून. लोक हसतात, काड्या कशाला चारशे किलोमीटर आणायच्या? पण कपाशीची काडी भडकन पेटते, लगेच निखारा धरते, वांगं बाहेरून करपतं आणि आत वाफेवर शिजतं. तळवड्याच्या मागे एकाची मोकळी जागा आहे, तिथे बाबा भाजतात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तिथे.

पैशाचं खरं सांगतो. भरितावर फार सुटत नाही. कारखान्यातल्या पोरांच्या शेवभाजी-पोळीवर भाडं निघतं. हॉटेल वाढव, आयटीवाल्यांसाठी पनीर ठेव, रस्सा गोडसर कर, असं बरेच सांगतात. गोड केला तर जास्त खपेल, मलाही माहीत आहे. आई नाही म्हणते. ती म्हणते, गावाकडचं माणूस महिन्यातून एकदा येतं, त्याच्या ताटात फसवाफसवी नको.

आणि दादा, तुमच्या आई गेल्यावर माझी आई रात्रभर अमळनेरबद्दल बोलत होती. तिची मावशी तिथली. मंगळग्रह मंदिर, बोरी नदी, सगळं काढलं. गिऱ्हाईक तिच्याशी मराठीत बोलतं, मीही मराठीत बोलतो. दिवसभर तिच्याशी अहिराणीत बोलणारं कुणी नसतं.

कॅम्पातला | रविवार, रात्री ११:१५

पारोळा, फळ्यावरून पुसून टाकण्याबद्दल तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

वर्धेकर | सोमवार, सकाळी ८:०५

इथे एक भर. चवीचं अर्धं काम त्या रात्रीच्या गाड्या आणि रेल्वे करतात, हे कुणी लिहीत नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून कोल्हापूरला जाते, वाटेत आमचं वर्धा, भुसावळ, जळगाव, मग पुणे. पुणे स्टेशनावर उतरणाऱ्यांच्या पिशव्या बघत चला. कुणाकडे भिवापुरी मिरची, कुणाकडे केळीचं घड, एकदा तर मी एका आजींकडे कुंडीसकट मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, रोप पाहिलंय.

पेठकरीण | सोमवार, सकाळी ८:४०

तापीकाठ, आईंना एकदा आमच्या घरी आणा. आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात अजून मोकळी जागा आहे, धुराची तक्रार करणारं कुणी नाही. काड्या पारोळा आणतील का?

तापीकाठ | सोमवार, रात्री ९:२०

दिवसभर ऑफिसात होतो, आत्ता सगळं वाचलं. आईला वाचून दाखवलं. देवगडच्या सासूबाईंच्या कपाटातल्या सुकटीपाशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. गोळाभाताची कृती तिला हवी आहे. वर्धेकर, काकूंना विचारून सांगा, गोळ्यात ओवा घालतात का?

पारोळा, तुझी पोस्ट मी तिला मराठीतून वाचून दाखवत होतो. मध्येच ती म्हणाली, "असं नको, आपला बोलीमा वाच." मी अडखळलो. शिक्षण, नोकरी, लग्न, वीस वर्षं झाली, मला काही शब्द आठवेनात. तिने सुधारत सुधारत पूर्ण करून घेतलं. माझा मुलगा शेजारी बसून ऐकत होता.

चंपाषष्ठी आलीच आहे. चातुर्मासात वांगं न खाणारे आमच्याकडे त्या दिवशी पहिलं भरीत करतात. आईने ठरवलंय, त्या दिवशी सकाळीच चिंचवडला जायचं, खायला नाही, ठेचायला. पारोळा, तुझ्या आईला विचार, चालेल का. आमची बडगी अमळनेरच्या बंद घरात माळ्यावर आहे. मामींना फोन केलाय, त्या उद्या काढून ठेवतील. तुझा मामा गाडीवर चढवेल का? वजनाला जड आहे, सागाची आहे, आजीच्या लग्नातली.

पेठकरीणताई, तुमच्या अंगणात त्याच्या पुढच्या रविवारी. वांगी किती लागतील ते आई विचारते आहे. किती जण येणार ते इथेच सांगा.

पारोळा_टू_पुणे | सोमवार, रात्री ९:४५

मामाला सांगितलं. बुधवारी रात्रीच्या गाडीला चढवतो, गुरुवारी पहाटे मी उतरवून घेतो. आई म्हणते, मायले सांग, मिरच्या मी निवडी ठेवसू.

देवगडची | सोमवार, रात्री ९:५०

आम्ही चौघं. सासूबाई विचारतात, सोबत सुकटीची चटणी आणली तर चालेल का?

पेठकरीण | सोमवार, रात्री ९:५२

जरूर आणा. आमच्या घरात आजवर आली नाही, पण अंगणात पाट मांडते, सगळ्यांनी एकत्र बसू.